टोकदार कंसातला ‘थांबा’

३ नोव्हेंबर, सोमवार

कंपनी सोडून आज तिसरा दिवस. सकाळी कस्तुराला चपाती भाजण्याबद्दल दोन सूचना दिल्या. तिनं उलथनं माझ्या हातात दिलं आणि ड्युटीला निघून गेली. पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात ती केसपेपरच्या खिडकीवर बसते. तिथं रोज तीनशे माणसं तिचं ऐकतात, त्यामुळे घरी आल्यावर तिला कुणाचं ऐकायची सवय राहिलेली नाही.

दुपारी लिफ्टवाल्याला दार बंद करण्याची योग्य पद्धत सांगितली. तो आता मला बघून जिन्यानं जातो.

जेवताना अंजली म्हणाली, “पप्पा, तुम्हाला जे जे सांगावंसं वाटतं ते वेबसाइटवर सांगा. सगळं जग ऐकेल.”

कस्तुरा म्हणाली, “आणि जगाला नको असेल तर जग पान बंद करेल. आम्हाला ती सोय नाही.”

अंजली हिंजवडीत आयटीत आहे, म्हणून तिचं बोलणं मनावर घेतलं. कल्पना वाईट नाही. एकतीस वर्षं मी शॉपफ्लोअरवर काढली. त्यातली शेवटची एकोणीस मिलिंग मशीनचे प्रोग्राम लिहिण्यात गेली. भोक कुठे पाडायचं, किती खोल, किती वेगानं, हे मशीनला ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. असे निवडक चौसष्ट प्रोग्राम माझ्याकडे आहेत. आयटीआयची पोरं बटण दाबायला शिकतात, लिहायला कुणी शिकवत नाही. त्यांना ते मिळाले पाहिजेत.

९ नोव्हेंबर, रविवार

अंजलीनं वेबसाइट उभी केली. तिनं समजावलं की चौसष्ट पानं वेगवेगळी बनवायची नाहीत. साचा एकच. त्यात रकाने: नाव, धातू, हत्यार, प्रोग्राम. मी आतल्या बाजूनं रकाने भरायचे, की साचा ते उचलून बाहेरच्या पानावर आपापल्या जागी मांडतो.

मी म्हणालो, “हे तर फिक्स्चर झालं. घडवायचा जॉब बदलायचा, पकड तीच.”

अंजली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “आमच्याकडे नवीन लोकांना हे समजवायला दोन दिवस लागतात.” मी कस्तुराकडे पाहिलं. ती मटार सोलत होती, पण तिनं ऐकलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिला प्रोग्राम भरला. अठ्ठेचाळीस ओळी. बाहेरचं पान उघडलं तर सगळ्या ओळी एकापुढे एक. निबंध! मशीनचा प्रोग्राम निबंधासारखा वाचायचा म्हणजे पाढे गाऊन दाखवण्यासारखं आहे.

अंजलीला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. पुन्हा केला. तरी मीटिंगमध्येच. तिसऱ्यांदा हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, साच्याला सांगावं लागतं की हा कोड आहे, जसा आहे तसा दाखव. नाहीतर तो त्याला साधा मजकूर समजतो. संध्याकाळी करते.”

संध्याकाळपर्यंत थांबणं माझ्या स्वभावात नाही. प्रत्येक ओळीनंतर चार-चार वेळा एंटर दाबला. काही झालं नाही. मग प्रत्येक ओळीपुढे एकेक उभी रेघ मारली. आता तो रेघा मारलेला निबंध झाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अंजलीनं साचा दुरुस्त केला. राखाडी चौकट, आत एकाखाली एक ओळी, अक्षरं सारख्या रुंदीची. अगदी मशीनच्या स्क्रीनसारखं. मी खुर्ची मागे सरकवून लांबून बघितलं. मग जवळून. कस्तुराला हाक मारली, तर ती म्हणाली, “लग्नात मला एवढं बघितलं नव्हतं.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज बारा प्रोग्राम भरले. माझी खास युक्तीही घातली, ती इथं लिहून ठेवतो.

पोरं सूचना वाचत नाहीत. मशीनवर साधा गोल कंस टाकून काही लिहिलं तर मशीन ते सोडून पुढे जातं आणि पोरगंही सोडून पुढे जातं. म्हणून मी महत्त्वाची सूचना टोकदार कंसात लिहितो. गणितात लहान-मोठं दाखवायला वापरतात ना, त्या दोन चिन्हांच्या मध्ये. उदाहरणार्थ: थांबा. क्लॅम्प सरकवा. (क्लॅम्प म्हणजे जॉब टेबलावर दाबून धरणारी पकड.) ती ओळ मशीनला कळत नाही. तिथं आलं की ते अडतं आणि लाल दिवा लावतं. मग पोराला ती ओळ वाचावीच लागते, जे सांगितलंय ते करून ओळ खोडावी लागते, तेव्हाच काम पुढे सरकतं. मशीनला देवनागरी येत नाही म्हणून अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. कंपनीत सगळे या युक्तीचं कौतुक करायचे.

बारा प्रोग्रामांत मिळून एकोणतीस सूचना झाल्या. पानं वरवर चाळली. छान सुटसुटीत दिसतायत. उलट मला वाटलं होतं त्याहून मोकळीच वाटली. अंजलीच्या साच्याची कमाल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

किती माणसं येऊन गेली हे दाखवणारं एक पान आहे, ते सापडलं. काल सात. त्यातले पाच वेळा मी.

पण एक गोष्ट लक्षात आली. रोज दुपारी सव्वा वाजता, पिंपरीतूनच, कुणीतरी फोनवरून येतं आणि पंधरा-वीस मिनिटं वाचत बसतं. रविवारी येत नाही. माझा अंदाज, पहिल्या पाळीतला होतकरू ऑपरेटर, जेवणाच्या सुट्टीत. डबा खाता-खाता शिकतोय बिचारा. अशा एका विद्यार्थ्यासाठीसुद्धा हे सगळं करावं.

कस्तुराला सांगितलं. “असेल कुणीतरी,” म्हणाली आणि गॅस पुसायला लागली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

एका पानाखाली पहिला अभिप्राय आला! ‘सर खूप सोपं करून सांगितलंय. स्वप्नाली, निघोजे.’ तीनदा वाचला. एक मुलगी मिलिंग मशीन चालवते आणि माझे प्रोग्राम वाचते.

जेवताना कस्तुरा मध्येच म्हणाली, “अहो, तुम्ही घरात सारखं ‘थांबा’, ‘बघा’, ‘सावकाश’ करत असता. तिथं एकदाही थांबा म्हणत नाही, असं कसं?”

टोमणा होता. मी भाजी वाढून घेतली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फार मनस्ताप झाला.

अकराच्या सुमारास फोन आला. “सर, मी स्वप्नाली बोलते, निघोज्यातून. तुमचा नववा प्रोग्राम लावला होता ओ. पहिली चार भोकं पडली आन् पाचव्याला ड्रिल सरळ क्लॅम्पवर आलं. ड्रिल तुटलं. क्लॅम्प फाटला. लई मोठा आवाज झाला.”

मी विचारलं, “तुला लागलं का?”

“नाही सर. दार बंद होतं.”

लागलं नाही म्हटल्यावर मला राग आला. नवव्या प्रोग्रामात चार भोकांनंतर स्पष्ट लिहिलंय की थांबा, क्लॅम्प सरकवा. मी म्हणालो, “चौथ्या भोकानंतर सूचना आहे. तुला वाचता येत नाही का?”

ती म्हणाली, “सर, तिथं काही लिहिलेलं नाही.”

“मी लिहिलंय.”

“मी दोनदा वाचलंय सर.”

मी तिला एकतीस वर्षांच्या अनुभवाबद्दल सांगायला लागलो, तेवढ्यात तिनं “बरं सर” म्हणून फोन ठेवला. आजकालच्या पोरांना चूक कबूल करायला नको. आमच्या वेळी असं नव्हतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुरावा पाठवायचा ठरवलं. वेबसाइटच्या आत जाऊन नववा रकाना उघडला. सूचना जिथल्या तिथे! त्याचा फोटो काढून स्वप्नालीला पाठवला. खाली लिहिलं: हे काय आहे?

दहा मिनिटांनी तिचा फोटो आला. तेच पान, बाहेरून. चार भोकं, आणि लगेच पाचवं. मध्ये एक रिकामी ओळ. खाली तिनं काहीच लिहिलं नव्हतं.

मी बाहेरचं पान उघडलं. खरंच नाही. आत गेलो, आहे. बाहेर आलो, नाही. असं सहा वेळा केलं. मग दुसरा प्रोग्राम बघितला. तिसरा. एकोणतीसच्या एकोणतीस सूचना गायब.

जेवलो नाही. कस्तुराला सांगितलं पोट बिघडलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

अंजली उठायच्या आधी तिच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसलो होतो. तिनं दार उघडलं आणि दचकली.

पान बघून तिनं कपाळाला हात लावला. “पप्पा, तुम्ही टोकदार कंस वापरलेत? ते ब्राउझरचे कंस असतात. त्यांच्यात जे असतं ते त्याला हुकूम वाटतो. तो हुकूम पाळतो, माणसाला दाखवत नाही. रकान्यातून मजकूर घेताना साच्यानं ते कंस निरुपद्रवी करून द्यायला हवे होते. माझंच चुकलं. मी ओळी तेवढ्या सांभाळल्या.”

मी विचारलं, “त्याला तो हुकूम वाटला?”

“हो.”

“थांबा असा हुकूम वाटला, तर मग तो थांबला का नाही?”

अंजली म्हणाली, “त्याला थांबा हा शब्द येत नाही. न येणारा हुकूम तो गुपचूप गिळतो.”

मशीन न कळणाऱ्या शब्दाला अडतं आणि लाल दिवा लावतं. हा गिळतो. असल्या गिळणाऱ्या माणसाला मी शॉपफ्लोअरवर एक दिवस ठेवला नसता.

पहिल्यांदा सगळी पानं बंद करून टाकली. मग स्वप्नालीला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. एका बाईनं उचलला, बहुतेक तिच्या खोलीतली मैत्रीण. म्हणाली, “स्वप्नाली कामावर गेलीय. मशीनवरून काढलंय तिला. कडा घासायला बसवलंय. मालक म्हणालेत, महिना संपेपर्यंत दुसरी जागा बघ.”

महिना म्हणजे आजच संपतोय. पुढचा म्हणाले असतील. तसंच असावं.

संध्याकाळी कस्तुरा विहारातून आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “खिडकीवर मी एखाद्याचं वय चुकीचं लिहिलं, तर पेशंटवर ओरडत नाही. उठून डॉक्टरकडे जाते आणि सांगते, मी चुकले.”

मी म्हणालो, “फोन करतो मालकाला.”

“फोनवर माणूस लवकर सुटतो,” ती म्हणाली.

१ डिसेंबर, सोमवार

मालकाचं नाव कळलं. उद्धवराव.

कंपनीत मी सहा वर्षं बाहेरून येणारा माल तपासायचो. निघोज्याच्या उद्धवरावांचा माल मी किती वेळा परत पाठवला असेल याला गणती नाही. एकदा केसाएवढ्या फरकासाठी अख्खा टेम्पो परत. बरोबरच होतं ते.

आज गेलो नाही. स्कूटरची हवा कमी वाटत होती.

२ डिसेंबर, मंगळवार

हवा बरोबर होती. गेलो.

मोशीच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत पाऊण तास काढला. तेवढ्यात सांगायची तीन कारणं तयार केली. एक, साच्यातला दोष. दोन, ब्राउझरचा स्वभाव. तीन, पहिल्यांदा लावलेला प्रोग्राम कुणीही आधी हवेत चालवून बघायचा असतो, म्हणजे हत्यार जॉबच्या वर ठेवून. तिसरं कारण सगळ्यात मजबूत वाटत होतं.

उद्धवरावांचं शेड गावाच्या कडेला. चार मशीन. आत शिरलो तर स्वप्नाली कोपऱ्यात पिंपावर बसून कानस चालवत होती. तिशीच्या आतली, चष्मा, हाताला फडकं गुंडाळलेलं. मला ओळखायचं काही कारण नव्हतं, पण मी “मी विलास” म्हणालो तशी तिनं कानस खाली ठेवली. उठली नाही.

उद्धवराव बाहेर आले. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की बस्स. “या या साहेब! आज आमच्या दारात? कंचा माल परत करायचा हाय?”

मी उभ्याउभ्याच सांगितलं. पोरीची चूक नाही. पानावर सूचना दिसत नव्हती. साच्याचा दोष होता.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग टेबलाच्या खणातून एक कागद काढला. माल परत करण्याची नोट. आमच्याच कंपनीच्या नमुन्यावरून त्यांनी स्वतःसाठी छापून घेतलेली. “साहेब, तोंडी आमाला कळत न्हाई. तुमीच शिकवलंय. भरा.”

पेन त्यांनीच दिलं. पार्टचं नाव भरलं. दोष: क्लॅम्पवर धडक. कारण या रकान्यात मी लिहिलं: ‘वेबसाइटच्या साच्यात तांत्रिक दोष.’

उद्धवरावांनी चष्मा वर करून वाचलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. “आमी मशीनचा दोष लिहिलं की तुमी चालवून घ्यायचे का? काय म्हणायचे? माणूस कुठं हुता त्या वक्ताला?”

हो, असंच म्हणायचो मी. अगदी त्याच शब्दांत.

स्वप्नाली बघत होती. तिन्ही कारणं एकदा मनात फिरवली. तिसरं तर ती समोर असताना लिहिणं शक्यच नव्हतं. मग लिहिलं: ‘प्रोग्राम मी लिहिला. बाहेर दिसणारं पान मी एकदाही नीट वाचलं नाही.’

जबाबदार व्यक्ती: माझं नाव.

उद्धवराव म्हणाले, “एक इचारू? तिथं साधा स्टॉप का न्हाई टाकला? एम झिरो झिरो? मशीन गपगुमान थांबलं असतं. कंस गिळू दे न्हाईतर पानच्या पान गिळू दे.”

उत्तर तयार होतं, की साध्या स्टॉपवर पोरं न बघता बटण दाबतात. पण निदान क्लॅम्पकडे एकदा बघायला उसंत तरी मिळाली असती. एकोणीस वर्षं मला ती युक्ती हुशारीची वाटत आली. कंपनीत सगळे कौतुक करायचे. मी साहेब होतो, हेही खरं.

त्यांनी ती नोट घेतली आणि फळ्यावर टाचणीनं लावली. सगळ्यांना दिसेल अशी. मग ओरडले, “सपनाली! मशीनवर जा. मशीनचा स्पिंडल तपासून झालाय, केसाएवढा बी हालला न्हाई.”

जाताना ती माझ्यासमोर थांबली. “सर, तुम्ही मला वाचता येत नाही का म्हणालात.”

“म्हणालो. चुकलं माझं.”

ती “बरं,” म्हणाली, आणि हातावरचं फडकं सोडत गेली. हसली नाही. मी तरी कुठल्या तोंडानं अपेक्षा करावी?

४ डिसेंबर, गुरुवार

अंजलीनं सांगितलं होतं की टोकदार कंसाच्या जागी एक खूण लिहायची, चार चिन्हांची, म्हणजे पानावर कंस कंसासारखा दिसतो. काल दिवसभर बसून मी सगळीकडे ती खूण हातानं घातली. एकोणतीस सूचना, दोन-दोन कंस, अठ्ठावन्न वेळा.

आज सकाळी अंजलीनं ऑफिसला जाण्याआधी साचाच दुरुस्त केला. आता तो आपणहून प्रत्येक कंसाची, आणि प्रत्येक खुणेचीही, खूण करतो. परिणाम असा की कंस एकही दिसत नाही, अठ्ठावन्न खुणा मात्र जशाच्या तशा दिसतात. आवरणावर आवरण.

“पप्पा, मी साच्यात करते म्हणाले होते ना?”

“मला वाटलं मी करायचंय.”

अठ्ठावन्न खुणा खोडून पुन्हा साधे कंस टाकले. यावेळी प्रत्येक पान बाहेरून उघडून, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. प्रत्येक सूचनेच्या आधी साधा स्टॉपही टाकला. ड्युटीला निघताना कस्तुरा म्हणाली, “शेजारचे विचारतायत घरात कसलं पठण चाललंय.”

दुपारी सव्वा वाजता पानं पुन्हा चालू केली. माझा पहिल्या पाळीतला विद्यार्थी लगेच हजर! रात्रीच्या भाजीला मीठ जास्त झालं होतं, पण मी बोललो नाही. कस्तुरा आपणहून म्हणाली, “आता कसं, जागोजागी थांबा थांबा म्हणताय. आता तुमचं वाटतं ते.” तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. अंजलीच असेल.

१० डिसेंबर, बुधवार

स्वप्नालीचा अभिप्राय. परवाच भरलेल्या सतराव्या प्रोग्रामाखाली, सगळ्या जगासमोर: ‘सर, प्रत्येक भोकानंतर ड्रिल एवढं वर कशाला नेता? या जॉबमध्ये मध्ये काहीच आडवं येत नाही. थोडंच वर नेलं तरी भागतं. वेळ वाचतो.’

मी सुरक्षेसाठी वर नेतो. हे तिला लिहायला बसलो. दोन परिच्छेद लिहिले. मग कागदावर मोजून बघितलं. एका जॉबमागे बावीस सेकंद. पुन्हा मोजलं. बावीसच.

दोन्ही परिच्छेद खोडले. अंजलीला साच्यात एक नवीन रकाना करायला सांगितला. त्याचं नाव: दुरुस्ती, आणि कुणी केली. सतराव्या पानावर तो भरला. बाहेरून उघडून बघितला. दिसतोय.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्धवरावांचा फोन आला होता, “साहेब, बावीस शेकंद बघायला या.” कामं पुष्कळ आहेत असं सांगितलं आणि साडेनऊला तिथं पोचलो.

माझी नोट फळ्यावर अजून आहे. तिच्याखाली कुणीतरी चहाचा हिशेब लिहिलाय.

स्वप्नालीनं सतरावा लावला. तिच्या पद्धतीनं बदललेला. दार लावलं, आधी हवेत एकदा चालवून घेतला, मग जॉबवर. ड्रिल खाली, जरा वर, बाजूला, खाली. मी आजवर हा जॉब इतका हलका चाललेला बघितला नव्हता. तिसऱ्या भोकापाशी आवाज जरा वेगळा वाटला, म्हणून मी काचेजवळ वाकलो आणि सांगायला तोंड उघडलं.

“सर,” ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, “पिवळ्या पट्टीच्या मागं.”

मी खाली बघितलं. मशीनभोवती सुरक्षेसाठी आखलेल्या पट्टीच्या आत माझे दोन्ही बूट होते.

सरकलो.